कॅप पाहिजे, युनियन नको

६ जून २०२५ ला कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडू आणि कॉलेजांमधल्या एका तडजोडीला मंजुरी दिली आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं कित्येक दशकं चाललेलं हौशीपणाचं सोंग संपलं, निदान कागदावर तरी. १ जुलैपासून युनिव्हर्सिट्या आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागल्या, पहिल्या वर्षी एका युनिव्हर्सिटीला सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा, आणि मोठ्या ठिकाणी त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला. (फुटबॉल म्हणजे हेल्मेट-पॅडवालं, आपल्याकडचं पायाने खेळायचं नव्हे.) तेव्हापासून जुने चाहते एकच रडगाणं गातायत की झालं, कॉलेज फुटबॉल मेलं, आता ती एनएफएलची (अमेरिकेतल्या प्रो फुटबॉल लीगची) धाकटी पाती झाली, पोरं पैशासाठी खेळतात, दरवर्षी कॉलेज बदलतात, निष्ठा म्हणून राहिली नाही. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. ते पुरेसं प्रो झालेलं नाही. प्रो लीगमधलं मालकांच्या सोयीचं जे जे आहे ते सगळं त्यांना हवंय, आणि ज्या एका गोष्टीच्या जोरावर ती सोय कोर्टात टिकते ती तेवढी नकोय. ती म्हणजे खेळाडूंची युनियन.

हे नीट कळायला आधी एनएफएल बघावी लागते. ३२ टीम, अब्जाधीश मालक, बाहेरून बघावं तर भांडवलशाहीचा मेरुमणी, आणि आत डोकावलं तर एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या संचालकांनाही हेवा वाटावा असा कारभार. १९६१ च्या एका कायद्याने लीगला टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकायची परवानगी मिळाली आणि तो पैसा सगळ्या टीममध्ये सारखा वाटला जातो. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, पण त्याला न्यूयॉर्कच्या टीमइतकाच हिस्सा येतो, अलीकडे वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर, आणि तिथली टीम गावकऱ्यांच्या शेअर्सवर चालत असल्यामुळे तो आकडा दरवर्षी जाहीर होतो. शिवाय पगारावर कॅप, म्हणजे एका टीमने सगळ्या खेळाडूंना मिळून किती द्यायचं याची मर्यादा. शिवाय ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातून येणारी पोरं टीमनी आळीपाळीने निवडायची, सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमचा नंबर पहिला, पोराला विचारायचं नाही.

आता समजा पुण्यातल्या सगळ्या आयटी कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की यंदा सीओईपीतून पहिल्या आलेल्या मुलीने हिंजवडीतल्या अमुकच कंपनीत जायचं, का तर ती कंपनी गेल्या वर्षी तोट्यात होती, पगार आम्ही ठरवलाय, चार वर्षं दुसरीकडे बघायचं नाही, आणि नाही म्हणालीस तर घरी बस. त्याला सरळसरळ कार्टेल म्हणतात आणि अमेरिकेत त्याविरुद्ध चांगले कडक कायदे आहेत. मग एनएफएलचा ड्राफ्ट चालतो कसा? १९३६ चा पहिला ड्राफ्ट तर निव्वळ मालकांच्या मर्जीवरच चालला होता. त्यात पहिला निवडला गेलेला जे बरवांगर हा शिकागो युनिव्हर्सिटीचा पोरगा प्रो फुटबॉल खेळलाच नाही, पैशाचं जमेना म्हणून सरळ दुसरी नोकरी धरली त्याने. आज ड्राफ्ट चालतो तो युनियनने करारात मान्य केलाय म्हणून. मालक आणि खेळाडूंची संघटना समोरासमोर बसून जे ठरवतात त्याला मक्तेदारीविरोधी कायदा सहसा हात लावत नाही, हा अमेरिकन कामगार कायद्यातला जुना नियम आहे. त्याच्याशिवाय कॅप नाही, ड्राफ्ट नाही, काही नाही.

आणि हे काही मालकांनी राजीखुशीने दिलं नाही. १९८७ मध्ये खेळाडू संपावर गेले तर मालकांनी तीन आठवडे बदली खेळाडू उतरवून सामने रेटले, संप मोडला. त्यानंतर खेळाडूंनी काय करावं, तर स्वतःची युनियन कागदोपत्री बरखास्त केली! युनियनच नाही म्हटल्यावर कायद्याची ती सवलतही गेली, आणि मालक कोर्टात उघडे पडले. १९९२ मध्ये ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, १९९३ मध्ये मालक टेबलावर आले, खेळाडूंना मोकळेपणी टीम बदलायचा हक्क मिळाला आणि बदल्यात १९९४ पासून कॅप आली, ३ कोटी ४६ लाख डॉलरची. २०२५ मध्ये तीच कॅप २७ कोटी ९२ लाखांवर गेलीये. कॅप ही किंमत होती, दोन्ही बाजूंनी काहीतरी देऊन ठरलेली.

कॉलेजवाल्यांनी यातलं फक्त उत्तर कॉपी केलं. एनसीएए ही कॉलेज खेळांची मोठी संस्था गेली चाळीस वर्षं कोर्टात हरतेय आणि दर वेळी कारण जवळपास एकच असतं, की तुम्ही सगळे मिळून बाजार आवळताय आणि समोरच्याची संमती तुमच्याकडे नाही. १९८४ मध्ये टीव्हीचे हक्क गेले. २०१४ मध्ये माजी कॉलेज बास्केटबॉलपटू एड ओबॅननच्या केसमध्ये हरले, न्यायाधीश याच विल्केनबाई. २०२१ मध्ये ऑल्स्टनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात नऊ विरुद्ध शून्य. नऊ-शून्य! ज्या कोर्टाचं एरवी एकमेकांशी पटत नाही ते यांच्याविरुद्ध एकमताने उभं राहिलं. त्यात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं की बाजारभावाने पैसे न देण्याचं सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि वर मिरवायचं हे अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याच धंद्यात चालत नाही, आणि जाता जाता उपायही सुचवला: खेळाडूंशी सामूहिक करार करा. हा माणूस काही डाव्या चळवळीतला नाही, ट्रम्प यांनी नेमलेला न्यायाधीश आहे. त्यालाही दिसलं.

तरी २०२५ ची तडजोड बघा. कॅप आहे. ती मोठ्या कॉन्फरन्समधल्या (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांचा गट) युनिव्हर्सिट्यांच्या सरासरी उत्पन्नाच्या २२ टक्के धरून काढलीये, तिकडे एनएफएलमध्ये खेळाडूंचा वाटा साधारण ४८ टक्के (दोन्हीकडे उत्पन्न मोजायची रीत वेगळी आहे हे मान्य, तरी अंतर बघा). बाहेरच्या कंपनीने खेळाडूला जाहिरातीचे ६०० डॉलरच्या वर दिले तर तो व्यवहार डेलॉइटने चालवलेल्या एका यंत्रणेतून तपासून घ्यायचा, हा पैसा 'वाजवी' आहे का ते बघायला. विसाव्या वर्षी तुमचा वाजवी भाव काय हे ऑडिट फर्म ठरवणार आणि त्या नियमावर तुमच्या कुणाचीच सही नाही. तडजोडीत वकील होते, नुकसानभरपाईचे २८० कोटी डॉलर होते, पण २०२७ मध्ये जो पोरगा पहिल्यांदा मैदानात उतरेल त्याच्या वतीने बोलायला तिथे कोण होतं? म्हणून तोही उद्या कोर्टात जाणार, आणि माझ्या मते जिंकणार.

(आयपीएलच्या लिलावालाही पर्सची मर्यादा असते आणि भारतात चालू खेळाडूंची युनियनच नाही, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पण तो वेगळा विषय.)

ज्या बजबजपुरीबद्दल चाहते कुरकुरतात तीही याच भोकातून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा-लास व्हेगासचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून मधेच निघून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं असं की एका असिस्टंट कोचने तोंडी एक लाख डॉलर कबूल केले होते ते मिळाले नाहीत, युनिव्हर्सिटीचं म्हणणं असं काही ठरलंच नव्हतं. कोण खरं ते मला ठरवायचं नाही, पण बघा ना, तीन सामने अजिंक्य असलेल्या टीमचा मुख्य खेळाडू, भरलेलं स्टेडियम, आणि दोघांच्यात काय ठरलं होतं याचा एक धड कागद नाही. आपल्याकडे फ्लॅट भाड्याने घेताना अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट होतं. आता युनिव्हर्सिट्या करार करायला लागल्यात, पण तोही नोकरीचा नाही, तुझं नाव आणि चेहरा वापरायचा परवाना म्हणून, कारण नोकरीचा म्हटलं की नोकर आला, नोकर आला की युनियन आली. त्या करारांतून जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिनने मायामी युनिव्हर्सिटीवर केस ठोकली की आमच्याशी करार झालेला पोरगा पळवला. अशी भांडणं लीगमध्ये कमिशनरच्या टेबलावर मिटतात, इथे दोन युनिव्हर्सिट्या कोर्टात.

आणि निष्ठेचं बोलायचं तर कोचचं बोला की. ३० नोव्हेंबर २०२५ ला लेन किफिन ११-१ अशी मिसिसिपीची टीम प्लेऑफच्या उंबरठ्यावर सोडून त्याच कॉन्फरन्समधल्या एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) गेला. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याला न शिकवण्याचे साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं. साडेसात कोटी, घरी बसायचे! त्याच संस्था ३०-४० वर्षं सांगत होत्या की पोरांना द्यायला पैसा नाही, खेळाचं पावित्र्य जाईल. २०१० मध्ये जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं होतं. स्वतःची जर्सी. तेव्हा तसलीच जर्सी युनिव्हर्सिटीच्या दुकानात हँगरला लटकत होती.

पण पैसा हा माझ्या दृष्टीने या वादातला दुय्यम भाग आहे, खरी गोष्ट शरीराची आहे. कॉलेज खेळाडू हा कामगार नाही हे तत्त्व मुळात आलं कुठून ते बघा. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. बायकोने कामगार भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, भरपाई नाही. त्याच काळात एनसीएएने 'स्टुडंट-ॲथलीट' हे बिरुद सगळीकडे चिकटवायला सुरुवात केली, आणि पुढे स्वतः वॉल्टर बायर्सनेच, जो १९५१ पासून १९८७ पर्यंत संस्थेचा प्रमुख होता, लिहून ठेवलंय की भरपाईच्या दाव्यांची धास्ती त्यामागे होती. म्हणजे शिक्षण, चारित्र्य, खिलाडूवृत्ती हे सगळं नंतर, आधी एका विधवेचा क्लेम.

याच्या शेजारी हे ठेवा. १ ऑगस्ट २००१ ला एनएफएलच्या मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर प्रॅक्टिसमध्ये उष्माघात होऊन गेला. दोनच दिवसांनी नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतला एक खेळाडू कंडिशनिंगच्या धावण्यात कोसळून गेला. एनएफएलमध्ये त्यानंतर उन्हातल्या प्रॅक्टिसची पद्धत बदलली, आणि २०११ च्या करारात युनियनने मागून घेतलं की दिवसात दोनदा पॅड घालून प्रॅक्टिस बंद, आणि पूर्ण सीझनमध्ये पॅडवाल्या प्रॅक्टिस फक्त १४. करारात लिहिलंय, मोडलं की दंड. कॉलेजमध्ये दिवसाला दोन धडकांच्या प्रॅक्टिस बंद व्हायला २०१७ उजाडलं. आणि मे २०१८ मध्ये मेरीलँडमध्ये १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर ११० यार्डांच्या धावा काढता काढता उष्माघाताने कोसळला, त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवायचं साधं, सगळ्यांना माहीत असलेलं काम कुणी केलं नाही, दोन आठवड्यांनी तो गेला. नंतर युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटने जबाबदारी मान्य केली. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या दिवशी मैदानावरच्या एखाद्या पोराला 'बास, हा आता धावणार नाही' असं म्हणायचं असतं तर त्याने कुणाच्या जोरावर म्हणायचं? स्कॉलरशिप कोचच्या हातात, खेळायला मिळणं कोचच्या हातात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरं काय.

मेंदूचंही तेच. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या २०१७ च्या अभ्यासात एनएफएलच्या १११ पैकी ११० मेंदूंत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला ते सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याच अभ्यासात कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांतही सापडला होता ते फारसं कुणी बोलत नाही. (मेंदू घरच्यांनी शंका आली म्हणून दान केलेले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हा आकडा लावता येत नाही.) एनएफएलच्या माजी खेळाडूंना निदान एक मोठी भरपाई मिळाली, भांडून का होईना. कॉलेजमध्ये खेळ संपल्यावर दोन वर्षं उपचाराचा खर्च द्यायचा नियम देशभर लागू झाला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. मेंदूचे हे त्रास अनेकदा वीस-तीस वर्षांनी वर येतात.

२०१४ मध्ये त्याच नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी युनियन करायचा प्रयत्न केला होता, क्वार्टरबॅक केन कोल्टर पुढे होता. त्यांच्या मागण्यांत आधी डोक्याच्या दुखापतींची नीट काळजी आणि नंतरचा वैद्यकीय खर्च होता, पगार नव्हता. शिकागोच्या कामगार अधिकाऱ्याने सांगितलं, हे कामगारच आहेत. आठवड्याला ४०-५० तास, कोचचे हुकूम, सोशल मीडियावर नजर, अजून काय पाहिजे. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या मुख्य कामगार बोर्डाने आम्ही यात पडत नाही म्हणत हात झटकले. हो नाही, नाही नाही, नुसतंच पडत नाही.

आता आपल्या लोकांना हे पटायला अवघड जाऊ नये, कारण अमेरिकेत एमएस-पीएचडीला गेलेली आपली कितीतरी पोरं टीए-आरए करतात, म्हणजे शिकवण्यात नाहीतर संशोधनात प्राध्यापकांना मदत करतात, आणि ती बिनबोभाट कर्मचारी असतात. मी टीए होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एचआरमध्ये पासपोर्ट दाखवून फॉर्म भरले, दर दोन आठवड्यांनी पे-स्लिप, टॅक्स कापलेला, आठवड्याला २० तासांच्या वर काम करायचं नाही ही तंबी. विद्यार्थीही होतो आणि नोकरही होतो आणि त्याने कुठे आभाळ कोसळलं नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीत तर टीएंची युनियन १९७० च्या दशकापासून आहे, करार करते, २०२३ मध्ये संपावरही गेली. त्याच गावात एक लाख सात हजारांचं स्टेडियम शनिवारी भरतं. पेपर तपासणारा कर्मचारी, कँटीनमध्ये ट्रे उचलणारा कर्मचारी, स्टेडियमबाहेर पार्किंगला झेंडा दाखवणारा कर्मचारी, आणि ज्याच्यासाठी लाखभर लोक आले तो तेवढा नुसता हौशी विद्यार्थी. गंमत म्हणजे इथल्या कित्येक टीमचे पंटर (चेंडूला लांब लाथ मारणारे खेळाडू) ऑस्ट्रेलियातून येतात, आपल्यासारखेच विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर, आणि बाकीची टीम जाहिरातीचे पैसे घेत असताना व्हिसाच्या नियमांमुळे ते हात बांधून बसतात. त्यांना ऑन-कॅम्पस नोकर म्हटलं असतं तर आपल्या कँटीनवाल्या पोरांसारखे निदान वीस तासांचे तरी मिळाले असते. (वीस तासांत फुटबॉल बसत नाही, हा मुद्दा वेगळाच.)

विरोधात बोलणाऱ्यांचा एक मुद्दा वजनदार आहे. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, बायकांचे बहुतेक खेळ चालतात, अमेरिकेची ऑलिंपिकची अर्धी फौज त्यातून येते, आणि फुटबॉलवाल्यांना पगार दिले की आधी कुऱ्हाड त्यांच्यावर पडेल. पडेल, काही ठिकाणी पडतेयही. पण स्टॅनफर्डने ११ खेळ बंद करायची घोषणा २०२० मध्ये केली होती, तेव्हा कुठल्या खेळाडूला पगार होता? (बोंबाबोंब झाल्यावर वर्षभरात मागे घेतली.) आणि पोहणाऱ्या मुलीचा खर्च गरीब घरातल्या लाइनमनच्या (पुढच्या फळीत धडका घेणाऱ्या खेळाडूच्या) गुडघ्यातून काढायचा ही व्यवस्था कुणी न्याय्य म्हणून मांडून दाखवावी. युनिव्हर्सिटीला पोहणं महत्त्वाचं वाटत असेल तर तिने ते बजेटमध्ये धरावं, कोचला करार मोडून घरी बसवायच्या पैशांची जशी सोय होते तशी.

युनियन म्हणजे रामराज्य असंही मी म्हणत नाहीये. एनएफएलची युनियन कित्येकदा आतल्यांचं बघते आणि बाहेरच्यांचं सोडते. २०२० चा करार १,०१९ विरुद्ध ९५९ अशा काठावरच्या मतांनी पास झाला आणि त्यातून सतरावा सामना आला, म्हणजे अजून एक आठवडा धडका. हायस्कूलनंतर तीन वर्षं प्रो खेळता येत नाही हा नियमही तसाच. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट २००४ मध्ये त्याविरुद्ध लढला, खालच्या कोर्टात जिंकला, वरती सोनिया सोटोमायोर यांनी निकाल फिरवला: हे मालक-युनियनच्या कक्षेतलं आहे, बाहेरच्याने तक्रार करू नये. आणि या नियमाचा फायदा कुणाला, तर एनएफएलला, आयत्या बिळावर नागोबा, पोरं घडवायचा एक पैसा खर्च नाही. पण क्लॅरेटच्या गोष्टीचा मला कळणारा अर्थ असा की ज्याची युनियन नाही त्याच्या वाटचं दुसरेच ठरवतात.

खरं घोडं अडतं ते राज्यांच्या कायद्यांवर. केंद्राचा युनियन कायदा खासगी मालकांना लागतो, आणि फुटबॉलमधल्या बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिट्या सरकारी आहेत. नॉर्थ कॅरोलिनात तर सरकारी नोकरांशी सामूहिक करार करायलाच बंदी आहे. खासगी असलेल्या डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलवाल्यांनी २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली, पण तेही वर्षअखेर अर्ज मागे घेऊन बसले, बोर्डात नवी माणसं येणार होती आणि उलटा निकाल लागला असता तर कायमचं दार बंद. म्हणजे काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) वेगळा कायदा करावा लागणार यात वाद नाही. ते अशक्यही नाही, बेसबॉलच्या छोट्या लीगमधले साडेपाच हजार खेळाडू २०२२ मध्ये युनियनमध्ये गेले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचा पहिला करार झाला, पगार दुपटीच्या वर गेले, बेसबॉल जिवंत आहे.

पण काँग्रेसमध्ये २०२५ मध्ये पुढे रेटलं गेलं ते स्कोअर नावाचं विधेयक अगदी उलट्या टोकाचं आहे. त्यात कॉलेजांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आणि वर खेळाडू हे कर्मचारी नाहीत असं कायद्यानेच लिहून टाकायचं. म्हणजे एनएफएलच्या मालकांना जी सूट मिळवायला संप, कोर्ट, ज्यूरी आणि शेवटी उत्पन्नातला जवळपास अर्धा हिस्सा द्यावा लागला ती यांना फुकटात पाहिजे. डिसेंबरमध्ये ते मतदानाला येता येता मागे घेतलं गेलं, दोन्ही पक्षांत कुरबूर होती म्हणून. कॉन्फरन्सचे कमिशनर वॉशिंग्टनच्या फेऱ्या मारतायत, ते विधेयक परत येणार.